हिमजलातील दगडमाशी

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, मॉन्टाना राज्यात, रॉकी पर्वताच्या ऐन माथ्यावर ‘ग्लेशियर नॅशनल पार्क’ नावाचे एक विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. १९१० साली त्याची स्थापना झाली. सीमेपलीकडे कॅनडाचे वॉटरटन लेक्स हे उद्यान त्यास लागूनच आहे. १९३२ साली ह्या दोन्ही उद्यानांस मिळून आंतरराष्ट्रीय शांतता-उद्यान असे नाव देण्यात आले. ह्या प्रदेशात एक विलक्षण शिखर आहे. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे तीन थेंब तीन निरनिराळ्या वाटांनी वाहत जाऊन एक पॅसिफिक महासागरास, दुसरा मेक्सिकोच्या आखातास आणि तिसरा उत्तरेकडील हडसनच्या उपसागरास मिळू शकतो. एवढ्या मोठ्या जलप्रवाहांचा उगम जेथे होतो, तेथील ओढे मात्र अगदी लहान असतात. कित्येक तर एका उडीत ओलांडून जाण्याइतके अरुंद. त्या ओढ्यांतील पाणी पावसाचे थोडे आणि बर्फाचे फार.

उद्यानाचे नावच हिमनद्यांवरून पडले आहे. उंच डोंगरावर वर्षानुवर्षे पडणारे हिम उन्हाळ्यात पूर्णपणे वितळले नाही, म्हणजे त्याचे थरांवर थर साचतात. खालचे थर दाबले जाऊन कठीण बर्फ होतात, आणि तो बर्फाचा प्रचंड गोळा स्वतःच्याच भाराने उतारावरून हळूहळू सरकू लागतो. हीच हिमनदी. १८५० च्या सुमारास ह्या प्रदेशात लहानमोठ्या सुमारे १५० हिमनद्या असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९६६ पासून २०१५ पर्यंतची मोजमापे ताडून पाहिली, तेव्हा नाव असलेली प्रत्येक हिमनदी लहान झाल्याचे दिसून आले. सुमारे पंचवीस एकरांहून अधिक विस्तार असेल तरच तिला हिमनदी म्हणावयाचे, असा तेथील मोजणीचा दंडक आहे. त्या दंडकाने २०१५ साली अवघ्या २६ हिमनद्या उरल्या होत्या. बाकीच्यांच्या जागी कोठे बर्फाचे निश्चल तुकडे, तर कोठे नुसते उघडे खडक आहेत.

हिमनदीच्या पायथ्याशी जो ओढा जन्म पावतो, त्यातील एखादा दगड उचलून पालथा केला, तर त्याच्या ओल्या अंगास चिकटून बसलेले काही तपकिरी रंगाचे जीव दृष्टीस पडतात. लांबी जेमतेम अर्धा सेंटीमीटर. सहा पाय, पुढे दोन मिशा आणि मागे शेपटीसारखे दोन बारीक तंतू. दगड हातात धरणाऱ्याची बोटे गारठ्याने बधिर होत असतात. हे जीव मात्र तेथे सुखाने हिंडत असतात. त्यांचे शास्त्रीय नाव ‘लेड्निया ट्युमाना’. इंग्रजीत ह्या वर्गातील कीटकांस ‘स्टोनफ्लाय’ म्हणतात. आपण त्यांस दगडमाशी म्हणू.

नावात माशी असली तरी घरातील माशीशी तिचे नाते फार दूरचे आहे. घरातील माशीला पंखांची एकच जोडी असते, दगडमाशीला दोन. विश्रांतीच्या वेळी ती हे चारही पंख पाठीवर एकावर एक घडी घालून ठेवते. दगडमाशांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत. सह्याद्रीतील व हिमालयातील स्वच्छ ओढ्यांतही ह्या गणाचे काही कीटक आढळतात. त्यांचे कूळ फार पुरातन आहे. प्रचंड सरडे पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीच ह्या कुळाने ओढ्यांत वस्ती केली होती, असे जीवाश्मांवरून दिसते. फुलपाखराप्रमाणे त्यांना कोषाची अवस्था नसते. अंड्यातून पिलू बाहेर पडते, पाण्यातच वाढते, वरचेवर कात टाकते आणि अखेरची कात टाकण्याच्या वेळी पाण्याबाहेर येऊन दगडावर चढते. तेथे तिला पंख फुटतात. आयुष्याचा बहुतेक भाग पाण्यात आणि केवळ थोडे दिवस हवेत, असा हा जीवनक्रम आहे. ग्लेशियर उद्यानातील दगडमाशीचे हे पंखधारी रूप जुलै-ऑगस्ट महिन्यांत दिसते. तेवढ्या अल्प अवधीत जोडीदार शोधणे, अंडी घालणे आणि संपून जाणे. पंख असूनही तिची उड्डाणशक्ती बेताचीच असते. एका खोऱ्यातून डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाणे तिला सहजसाध्य नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दगडमाशांना पाणी निर्मळ लागते, आणि वाहते लागते. ह्याचे कारण प्राणवायू. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. पाणी जसजसे उबदार होते तसतसा तो कमी होत जातो. बहुतेक कीटकांच्या शरीरात हवा नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते आणि त्यांच्या रक्तावर प्राणवायू वाहून नेण्याचे काम पडत नाही. परंतु २००४ साली यूरोपातील एका दगडमाशीच्या रक्तात तांब्याचा अंश असलेले एक प्रथिन सापडले. खेकड्यांच्या रक्तातही असेच प्रथिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. कीटकांनी कधीच सोडून दिली असावी अशी समजूत असलेली ही जुनी सोय ह्या कुळात टिकून राहिली होती. इतक्या लहान जीवाच्या अंगी इतका जुना वारसा असावा, ह्याचे शास्त्रज्ञांना नवल वाटले.

ग्लेशियर उद्यानातील दगडमाशीचे प्रथम वर्णन विल्यम रिकर ह्या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९५२ साली केले. रिकर हे मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध आहेत. नदीत माशांची किती संतती निपजेल व त्यांपैकी किती मासे पकडले असता नदी रिकामी होणार नाही, ह्याचे गणित त्यांनी बसविले. ते गणित आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु त्यांना दगडमाशांचाही विलक्षण छंद होता. त्यांनी ह्या कीटकाचे वर्णन केले, तेव्हा तो कधी काळी धोक्यात येईल अशी शंका कोणासही आली नसेल.

पुढे उद्यानातील ओढे एकामागून एक तपासले गेले. ही दगडमाशी हिमनद्या, बर्फाचे कायमचे साठे आणि थंड झरे ह्यांच्या खालच्या काही शे मीटरांच्या पट्ट्यातच राहते, असे दिसून आले. तेथील पाणी भर उन्हाळ्यातही सहसा दहा अंश सेल्सिअसच्या वर चढत नाही. ओढा आणखी खाली उतरला, पाणी थोडे उबदार झाले की तिची वस्ती संपते आणि दुसऱ्या कीटकांची सुरू होते. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर एक अरुंद पट्टा, हेच तिचे सारे राज्य. हवामान तापत गेले तर सखल भागातील प्राणी डोंगर चढून वर जाऊ शकतात. जो आधीच माथ्यावर बसला आहे, त्याने जावे कोठे?

२००७ साली अमेरिकेतील एका निसर्गसंरक्षक संस्थेने सरकारकडे अर्ज केला की, ह्या दगडमाशीस संकटग्रस्त जातींच्या कायद्याचे संरक्षण मिळावे. २०११ साली सरकारने उत्तर दिले. मागणी रास्त आहे, परंतु इतर जातींची कामे आधी आहेत, सबब ही जात तूर्त प्रतीक्षेत राहील, असा त्याचा आशय होता. २०१६ साली संरक्षणाचा प्रस्ताव निघाला, आणि २०१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ही दगडमाशी, तिच्यासारख्याच दुसऱ्या एका हिमजलवासी दगडमाशीसह, ‘धोक्यात आलेली जात’ म्हणून कायद्याने नोंदली गेली. अर्जापासून निर्णयापर्यंत बारा वर्षे लागली. सरकारी कामाची गती हिमनदीसारखी असते असे थट्टेने म्हणता आले असते. परंतु येथे हिमनद्याच अधिक घाईत होत्या.

एवढ्याशा माशीसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ती मध देत नाही, रेशीम देत नाही, पिकांवरील किडींचा नाश करीत नाही. ओढ्यातील बारीक शेवाळ व कुजका पाचोळा ह्यांवर तिच्या गोत्रातील कीटक निर्वाह करतात आणि मोठे कीटक व पक्षी त्यांना खातात. निसर्गाच्या व्यवहारात तिचा इतपत वाटा आहे. ती नाहीशी झाली तर त्या खोऱ्यातील माणसाचे उद्या काही अडेल, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. उपयोगाच्या तराजूत घालून ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. परंतु एखाद्या ग्रंथाची जगात एकच प्रत उरलेली असावी, तिची लिपीही अजून पुरती लागलेली नसावी आणि ती ज्या घरात ठेवली आहे ते घर हळूहळू पेटत असावे, अशा वेळी तो ग्रंथ उपयोगाचा आहे की नाही ही चर्चा करीत बसणारा मनुष्य विरळाच. कोणीतरी आधी तो वाचावयास घेईल.

हा ग्रंथाचा दृष्टांत केवळ अलंकार नव्हे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचे लांबच लांब धाग्यासारखे द्रव्य असते. ह्या धाग्याची रचना १९५३ साली वॉटसन व क्रिक ह्यांनी उलगडून दाखविली. त्यात चार प्रकारचे रासायनिक घटक एकापुढे एक ओवलेले असतात. चारच अक्षरांची ही वर्णमाला. परंतु त्या चार अक्षरांच्या क्रमातच त्या जीवाचे डोळे, पंख, रक्त, थंडी सोसण्याची शक्ती ह्या सर्वांच्या घडणीची सूत्रे साठविलेली असतात. त्यांपैकी एकेका सूत्रास जनुक म्हणतात, आणि त्या जीवाच्या सर्व अक्षरांच्या संपूर्ण मालिकेस जनुकसंच किंवा जीनोम. फळांवर घोंगावणाऱ्या चिलटाच्या जनुकसंचाचे वाचन २००० साली प्रसिद्ध झाले. मानवाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. तो वाचण्याचा महाप्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली त्याची सांगता झाली. तरीही काही जागा वाचावयाच्या राहिल्याच होत्या. त्या भरून काढलेला पाठ २०२२ साली हाती आला.

दगडमाशीचा जनुकसंच तीस कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. तो वाचावयाचा कसा?

प्रथम कोणीतरी डोंगर चढून ओढ्यापर्यंत जावे लागते. दगड पालथा करून पिलू हलकेच चिमट्याने उचलावयाचे आणि तत्काळ तीव्र मद्यार्कात किंवा अतिशीत द्रवात बुडवावयाचे. कारण जीव गेला की डीएनएचा धागा लगेच कुजू व तुटू लागतो. प्रयोगशाळेत त्याच्या पेशी फोडतात, प्रथिने पाचक द्रव्यांनी विरघळवितात आणि मद्यार्काच्या साहाय्याने डीएनए वेगळा करतात. येथे पहिली अडचण येते. कीटक इतका लहान की त्यातून निघणारा डीएनए अत्यल्प असतो. पुष्कळ कीटक एकत्र कुटून तो वाढविता येईल. परंतु मग निरनिराळ्या व्यक्तींची अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि वाचन संदिग्ध होते. म्हणून शक्य तो एकाच कीटकाचा डीएनए वापरणे इष्ट. दुसरी अडचण अशी की, कीटकाच्या पोटात त्याने खाल्लेले शेवाळ असते, आतड्यात जंतू असतात. त्यांचाही डीएनए बरोबर येतो. तो पुढे निवडून बाजूस काढावा लागतो, जसे तांदूळ निवडताना खडे काढतात तसे.

वाचणारे यंत्र हा लांब धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचू शकत नाही. सर्वांत प्रचलित यंत्रांची झेप एका वेळी सुमारे दीडशे अक्षरांची असते. म्हणून धाग्याचे असंख्य बारीक तुकडे करतात आणि ते काचेच्या पट्टीवर रोवतात. प्रत्येक तुकड्यासमोर त्याची जोडीची साखळी एकेका अक्षराने वाढवीत नेतात. ह्या अक्षरांना चमकणारा रंग लावलेला असतो. एक अक्षर जोडले गेले की पट्टीवर लक्षावधी ठिकाणी बारीक दिवे लागल्यासारखे ठिपके चमकतात; यंत्र त्याचे छायाचित्र घेते. रंग पुसला जातो, पुढचे अक्षर जोडले जाते, पुन्हा छायाचित्र. अशा रीतीने रंगांच्या क्रमावरून अक्षरांचा क्रम कळतो. १९७७ साली फ्रेडरिक सँगर ह्यांनी जी पद्धत शोधून काढली होती, तिने एका वेळी थोडेच तुकडे वाचता येत; आता कोट्यवधी तुकडे एकदम वाचले जातात.

आता हाती काय आले? एका जाडजूड ग्रंथाच्या अनेक प्रती घेऊन त्या सर्व फाडाव्या, त्यांचे चार-चार शब्दांचे कपटे करून एका पोत्यात भरावे आणि ते पोते एखाद्या विद्यार्थ्यापुढे रिते करून त्यास मूळ ग्रंथ सिद्ध करण्यास सांगावे, असा हा प्रकार आहे. मार्ग एकच. एका कपट्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ जेथे तंतोतंत जुळतो, तेथे ते दोन सांधावयाचे. प्रती पुष्कळ असल्या म्हणजे तुकडे निरनिराळ्या जागी फाटलेले असतात व सांधे सापडतात. हे काम संगणक करतो. आणखी एक लाभ असा की, यंत्राच्या हातून एखादे अक्षर चुकले तर इतर तुकड्यांवरून ते दुरुस्त करता येते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती ह्याच न्यायाने. लेखकांच्या हस्तदोषाने पोथ्यांत अपपाठ शिरले होते. ते काढून मूळ पाठ निश्चित करावा लागला. जीवशास्त्रज्ञांचे काम त्या मानाने एका बाबतीत सोपे आणि एका बाबतीत कठीण. सोपे अशासाठी की, येथे अक्षरे चारच. कठीण अशासाठी की, अर्थाचा आधार नाही. एकनाथांना ओवी कळत होती. संगणकाला काहीच कळत नाही, तो केवळ अक्षरे जुळवितो.

त्यातही एक मोठा पेच असतो. आरतीत किंवा भजनात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद येते. आरतीच्या पुस्तकाचे असेच कपटे केले आणि एखाद्या कपट्यावर नुसते ध्रुवपदच आले, तर तो पहिल्या कडव्यानंतर लावावा की पाचव्या, हे कसे ठरणार? जनुकसंचात अशी पुनरावृत्ती फार असते. एकच मजकूर शेकडो, प्रसंगी हजारो ठिकाणी आलेला असतो. दीडशे अक्षरांचा तुकडा त्या पुनरावृत्तीच्या आत हरवून जातो, आणि तेथे ग्रंथाचा धागा तुटतो. म्हणून लहान तुकड्यांवरून सिद्ध केलेला पाठ हा सलग पोथी नसतो. तो असतो पुष्कळ सुट्या पानांचा गठ्ठा.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील स्कॉट हॉटलिंग, जोआना केली आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ग्लेशियर उद्यानातील दगडमाशीचा जनुकसंच वाचला. त्याचा वृत्तांत २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांचा पाठही असाच सुट्या पानांचा, पहिला मसुदा म्हणावा असा होता. तो कितपत विश्वसनीय, हे पाहण्याची युक्ती मात्र शाळेतील प्रत्येक मुलाच्या परिचयाची आहे. काही जनुके अशी आहेत की, ती जवळजवळ प्रत्येक कीटकात असावयासच हवीत. त्यांची यादी तयार असते. ती यादी घेऊन नव्या जनुकसंचाची हजेरी घ्यावयाची. किती जण ‘हजर’ म्हणाले, किती अर्धेच आले आणि किती गैरहजर राहिले, ह्यावरून पाठाची पूर्णता समजते. पेशीतील शक्तिकेंद्रांचा एक स्वतंत्र, छोटा जनुकसंच असतो. कीटकांत तो बहुधा पंधरा-सोळा हजार अक्षरांचा असतो आणि केवळ आईकडून संततीस मिळतो. तोही ह्याच कामात वाचला गेला.

अपूर्ण असला तरी ह्या पाठाचे मोल मोठे आहे. नदी-ओढ्यांत जन्म घेणाऱ्या कीटकांकडे जनुकशास्त्रज्ञांचे लक्ष फार थोडे गेलेले आहे. मधमाशी, डास, रेशमाचा किडा ह्यांच्याशी माणसाचा रोजचा संबंध. त्यांचे जनुकसंच आधी वाचले गेले. दगडमाशांच्या हजारो जातींपैकी मात्र अगदी मोजक्यांच्याच वाट्याला हे भाग्य आले होते. एका जातीचा पाठ हाती आला की तिच्या भाऊबंदांचे पाठ लावणे सोपे जाते.

ह्या दगडमाशीच्या बाबतीत एक चिंतेची गोष्ट पूर्वीच उघडकीस आली होती. काही वर्षांच्या अंतराने गोळा केलेल्या नमुन्यांतील, आईकडून येणाऱ्या त्या छोट्या जनुकसंचाची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. नंतरच्या नमुन्यांत विविधता घटलेली दिसली, आणि एका ओढ्यातील वस्ती दुसऱ्या ओढ्यातील वस्तीपासून अधिक तुटलेली दिसली. विविधता घटणे ह्याचा अर्थ असा. एखाद्या गावातील सर्व शेतकऱ्यांनी ज्वारीचे एकच वाण पेरावे आणि त्या वर्षी नेमका त्याच वाणावर रोग पडावा, तर सारे गाव उपाशी राहते. निरनिराळी वाणे असली तर काही तरी हाती लागते. जातीच्या अंगी जितके भिन्न भिन्न गुण, तितकी बदलत्या काळात तिच्यापैकी काहींची तग धरण्याची शक्यता अधिक. दगडमाशीला डोंगर ओलांडून दुसऱ्या ओढ्याकडे जाणे अवघड. त्यामुळे एका वस्तीतील हरवलेला गुण शेजारच्या वस्तीतून परत येईल ही आशाही थोडीच.

तिच्या पूर्वेतिहासाचाही माग ह्याच अक्षरांतून लागतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ह्या सबंध डोंगरावर बर्फाचे आवरण होते. आज ज्या ओढ्यांत ती राहते ते ओढेच तेव्हा नव्हते. बर्फ मागे हटत गेला तसतशी ती त्याच्यामागून वर चढत आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनुकांतील फरकांवरून असे अनुमान निघाले की, हिमयुगानंतरच्या त्या बदलत्या काळात तिच्या वस्त्या परस्परांपासून दुरावत गेल्या, तरी त्यांच्यातील येणेजाणे अगदीच बंद पडले नव्हते.

एवढ्यावरून ही दगडमाशी आता नाहीशी होणारच, असे कोणी म्हणेल. परंतु शास्त्रज्ञांनी तो निष्कर्ष तेवढ्यावर सोडला नाही. ज्या खोऱ्यांतील हिमनद्या १८५० नंतर नाहीशा झाल्या आहेत, तेथेही त्यांनी शोध घेतला. हिमनदी गेली म्हणजे तिचे आश्रितही गेले असावयास हवेत. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केले की, तेथील काही ओढ्यांत, बर्फाच्या उरल्यासुरल्या साठ्यांखाली व थंड झऱ्यांत, हिमजलावर जगणारे कीटक अद्याप आहेत. खडकांच्या राशीखाली दडलेला बर्फ वरून दिसत नाही. पण त्यातून झिरपणारे पाणी फार काळ थंडगार राहते. डोंगराने आपल्या पोटात काही ठेव राखून ठेवली होती म्हणावयाची.

त्याच साली दुसरी एक गोष्ट निदर्शनास आली. ग्लेशियर उद्यानाच्या दक्षिणेस, वायोमिंग राज्यातील टीटन पर्वतात ह्या दगडमाशीची एक सख्खी बहीण शोभेल अशी जात राहते. तिची व तिच्या शेजारणींची पिल्ले प्रयोगशाळेत ठेवून पाणी हळूहळू तापविण्यात आले. ती ज्या ओढ्यांत राहतात त्याहून पुष्कळ अधिक उष्णता त्यांनी काही वेळ सोसली. ह्याहून चमत्कारिक गोष्ट त्यांच्या जनुकांत दिसली. उष्णतेने शरीरातील प्रथिनांची घडी विस्कटू लागली म्हणजे ती सावरण्यासाठी काही साहाय्यक प्रथिने तयार होतात; एरवी त्यांचे काम मंदावलेले असते. ह्या पिल्लांत त्या साहाय्यक प्रथिनांची जनुके बर्फासारख्या थंड पाण्यातही जागीच होती. आग लागली नसतानाही बंब भरून दारात उभा असावा, तसे. थंडीमुळेच प्रथिनांची घडी बिघडते म्हणून ती जागी असतात, की हा फार जुन्या, उबदार काळाचा वारसा आहे, ह्याचा उलगडा अजून व्हावयाचा आहे. कोणते जनुक कोणत्या वेळी जागे आहे हे ओळखावयाचे तर त्या जनुकांची अक्षरे आधी माहीत हवीत. वाचलेला जनुकसंच येथे कोशासारखा उपयोगी पडतो.

अर्थात काही वेळ उष्णता सोसणे निराळे आणि त्याच उष्णतेत पिढ्यान्‌पिढ्या वाढणे, अंडी घालणे, खालून चढून येणाऱ्या दुसऱ्या कीटकांशी अन्नासाठी झुंजणे निराळे. प्रयोगशाळेतील भांड्यात हे सर्व पाहता येत नाही. त्यासाठी ओढ्याकडेच जावे लागते.

ही वाट वर्षातून थोडेच दिवस मोकळी असते. उद्यानाच्या मध्यातून जाणारा, १९३३ साली खुला झालेला डोंगरी रस्ता लोगन खिंडीत सुमारे २,०२६ मीटर उंची गाठतो. हिवाळ्यात त्यावर हिमाचे डोंगर साचतात. ते यंत्रांनी उपसून रस्ता पुरता मोकळा होईपर्यंत बहुधा जूनचा उत्तरार्ध किंवा जुलै उजाडतो. खिंडीच्या पूर्वेस थोडे उतरले की लंच क्रीक नावाचा एक ओढा रस्त्याखालून वाहतो. प्रवासी तेथे मोटार थांबवून पाण्यात हात घालतात आणि शहारून लगेच बाहेर काढतात. ह्याच ओढ्यातून ही दगडमाशी पूर्वीही अभ्यासासाठी नेलेली आहे. आता अधिक लांब तुकडे, एका वेळी हजारो अक्षरे वाचणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्यामुळे ती ध्रुवपदांची अडचण पुष्कळशी दूर होऊन सुटी पाने एकत्र बांधता येतील. पण त्या यंत्रांना न तुटलेला, ताजा डीएनए लागतो. मद्यार्कात वर्षानुवर्षे पडून राहिलेले नमुने बहुधा त्या कामी येत नाहीत. रस्ता मोकळा होण्याची वाट पाहून, थंडगार डबा पाठीस बांधून, पुन्हा नव्याने ओढ्याच्या उगमापर्यंत चढावे लागते आणि पुन्हा एकेक दगड पालथा करून पाहावा लागतो.